जपून रे, सेरोटोनिन सांडेल!

बदलापूरहून सुटणारी सकाळची लोकल तुम्ही पाहिली आहे ना? डब्यात मुंगी शिरायलाही जागा नसते. आता समजा, तुम्हाला कुणी सांगितलं, ‘गाडीतली माणसं सोडा, फक्त उल्हासनगरच्या फलाटावर उभी असलेली चार माणसं मोजा.’ सोप्पं! पण तेवढ्यात गाडी थांबली आणि दारांतून लोंढाच्या लोंढा उतरला तर? आधीपासून कोण उभं होतं आणि आत्ता कोण उतरलं, कसं ओळखणार?

रक्तातलं सेरोटोनिन मोजणाऱ्यांपुढे असाच पेच असतो. गंमत म्हणजे, तो सोडवताही येतो!

सेरोटोनिन हे शरीरात निरोप पोचवणारं रसायन आहे. झोप, भूक, मनःस्थिती अशा कितीतरी गोष्टींत मेंदू त्याचा वापर करतो. पण शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन बनतं कुठे, सांगा पाहू? मेंदूत नाही, आतड्यात! डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून ते तयार होतं. तिथून रक्तात उतरलं, की प्लेटलेट नावाच्या इवल्याशा पेशी ते पटापट आत ओढून साठवतात. एक प्लेटलेट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दोन-तीन पट असते, आणि रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये अशा दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. रक्तातलं जवळजवळ सगळं सेरोटोनिन त्यांच्या पोटात असतं. बाहेरच्या पिवळसर द्रवात, म्हणजे प्लाझ्मामध्ये, उरतं ते अगदी कणभर.

हे साठवून ठेवायचं कशाला? खेळताना गुडघा फुटला, की प्लेटलेट जखमेकडे धावतात, एकमेकींना चिकटतात आणि सेरोटोनिन सोडतात. त्यामुळे रक्तवाहिनी आकसायला मदत होते आणि रक्त थांबतं. आता खरी अडचण लक्षात आली का? तपासणीसाठी टोचलेली सुई म्हणजेसुद्धा एक छोटीशी जखमच की!

सेरोटोनिनचा शोधही याच गुणामुळे लागला. अमेरिकेत क्लीव्हलंडला मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज रक्तदाबावर काम करत होते. गोठलेल्या रक्तातून निघणाऱ्या द्रवात, म्हणजे सीरममध्ये, रक्तवाहिन्या आकसवणारं काहीतरी सापडायचं आणि त्यांच्या प्रयोगात लुडबूड करायचं. १९४८ मध्ये त्यांनी ते वेगळं काढलं. ते होतं सेरोटोनिन, रक्त गोठताना प्लेटलेटमधून सांडलेलं!

या गोष्टीत आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधाच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे १९४९ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडलं. पुढे १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसरपीन हे औषध वेगळं काढण्यात आलं. १९५५ च्या सुमाराला अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं, की रेसरपीन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. प्लेटलेटमधलाही! हे मोजलं कसं? तीव्र आम्लात सेरोटोनिन मिसळून त्यावर अतिनील प्रकाश टाकला, की ते चमकतं. जितकी चमक जास्त, तितकं सेरोटोनिन जास्त.

आता प्लाझ्मातलं कणभर सेरोटोनिन मोजायचं, तर काय काय करावं लागतं ते बघा. दंडाला बांधलेला पट्टा फार वेळ आवळून ठेवायचा नाही. सुई एका झटक्यात शिरेत जायला हवी. सुरुवातीचं थोडं रक्त बाजूला काढायचं, कारण टोचल्याबरोबर खवळलेल्या प्लेटलेट त्यातच असतात. नळीत रक्त गोठू न देणारं रसायन असतं. ती हलवायची नाही, हळूच उलटी-सुलटी करायची. मग सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात ती गरगर फिरवायची. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि दोघांच्या मध्ये पांढुरका पातळ थर दिसतो. त्या थराला धक्का लागू न देता वरचा प्लाझ्मा उचलायचा, पुन्हा जोरात फिरवायचा आणि तळाचा भाग तसाच सोडायचा.

यानंतरच गोठवायचं! कारण प्लेटलेट मागे राहिल्या, तर गोठवताना त्या फुटतात आणि आतलं सेरोटोनिन बाहेर येतं. म्हणून बदलापूरला काढलेलं रक्त तसंच पिशवीत टाकून, गाडीतून हिंदकळत मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यायचं नाही. प्लाझ्मा आधी इथेच वेगळा करायचा, गोठवायचा आणि मग पाठवायचा. तिथे एक यंत्र त्यातले पदार्थ वेगवेगळे करतं आणि दुसरं यंत्र रेणूंच्या वजनावरून सेरोटोनिन अचूक ओळखतं. यंत्र कितीही हुशार असलं, तरी नळीत आधीच सांडलेलं सेरोटोनिन त्याला वेगळं ओळखता येत नाही. २०११ मध्ये ब्रँड आणि अँडरसन या दोन संशोधकांनी जगभरातले जुने आकडे तपासले. त्यांतले कितीतरी याच कारणाने फुगलेले असावेत, असं त्यांना दिसलं.

मग या आकड्यावरून कोण किती आनंदी आहे ते कळेल? नाही! रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पक्की राखण असते, रक्तातलं सेरोटोनिन ती ओलांडून मेंदूत जात नाही. केळ्यात आणि अननसातही सेरोटोनिन असतं, पण तेही मेंदूपर्यंत पोचत नाही. रक्तातल्या सेरोटोनिनच्या तपासणीचा उपयोग वेगळा आहे. आतड्यात क्वचित होणाऱ्या एका प्रकारच्या गाठी खूप सेरोटोनिन बनवतात, त्यांचा माग काढायला डॉक्टरांना तिची मदत होते.

पुढच्या वेळी रक्त द्यायला गेलात, की नळ्यांची झाकणं नीट बघा. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठत नाही, साध्या लाल झाकणाच्या नळीत गोठतं. त्याच हाताचं, त्याच क्षणी काढलेलं रक्त, तरी जांभळ्या नळीतून जपून काढलेल्या प्लाझ्मात सेरोटोनिन नावाला सापडेल आणि लाल नळीतल्या सीरममध्ये भरपूर. का, ते आता तुम्हाला माहीत आहे. रक्त काढणाऱ्या ताईंना किंवा दादांना नक्की सांगा!