चाकांवरची घराणी – लेखांक 6 : एका रात्रीचं अंतर

संकेश्वर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आधी मिरची आठवते. निपाणी ओलांडून बेळगावकडे जाताना लागणारं हे गाव कोल्हापूरकरांच्या तिखटाच्या डब्यात केव्हाच जाऊन बसलंय. पण पुणे-बंगळूरू महामार्गावर रात्रीची गाडी चालवणाऱ्याला विचारलंत, तर तो संकेश्वर हे आडनाव म्हणून ओळखतो. विजय संकेश्वर, हुबळी. कंपनीचं नाव विजयानंद रोडलाइन्स, म्हणजे आपण रस्त्यावर वाचतो ते ‘व्हीआरएल’. विजय हे वडील, आनंद हा मुलगा. बाप-लेकाची नावं जोडून पाटी रंगवायची ही आपल्या बाजारपेठेतली जुनीच रीत.

मागच्या लेखांकात आपण 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला गेलेली पहिली एस.टी. पाहिली, आणि तिच्यामागोमाग खासगी मोटारवाले रस्त्यावरून कसे बाजूला झाले तेही पाहिलं. कर्नाटकात हे प्रकरण आणखी कडक झालं. 1976 मध्ये तिथल्या सरकारने खास कायदा करून खासगी मालकांच्या कंत्राटी बसगाड्याच ताब्यात घेतल्या. मालक कोर्टात गेले. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

नेमकं त्याच 1976 साली गदगच्या एका छपाई-प्रकाशनाच्या घरातल्या सव्वीस वर्षांच्या मुलाने, म्हणजे विजय संकेश्वरांनी, वाहन घेतलं ते ट्रक. ट्रकवर सरकारचा डोळा नव्हता. पुढे बसच्या धंद्यात नाव काढणाऱ्या या घराची सुरुवात मालवाहतुकीत झाली, आणि बस रस्त्यावर यायला त्यानंतर वीस वर्षं लागली. मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे बसमालक म्हटला की एका गाडीच्या चार गाड्या करणारा, ड्रायव्हरचा मालक झालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. इथे तसं झालं नाही. गॅरेज, सुट्या भागांचं गोदाम, डिझेलचा घाऊक सौदा, गावोगावी ऑफिस आणि तिथे बसलेला माणूस, हे सगळं ट्रकने आधी उभं करून ठेवलं. 1996 मध्ये बस आली ती या तयार संसारात.

पहिल्या ट्रकनंतर दोनच वर्षांत मुक्काम गदगहून हुबळीला हलला होता, आणि तिथून नकाशा कामाला आला. हुबळीहून बंगळूरू चारशे किलोमीटरच्या थोडं पुढे, आणि पुणेही जवळपास तेवढंच. मुंबई पावणेसहाशेच्या आसपास. मालाच्या दृष्टीने ही जागा फार सोयीची. मुंबईचा फुटकळ माल इथे उतरवायचा, त्याची गावांप्रमाणे वाटणी करायची आणि पुढच्या गाडीत चढवायचा. प्रवाशांच्या दृष्टीने तर त्याहून सोयीची. जेवून साडेनऊ-दहाला बसलेला माणूस चारशे किलोमीटरवर सकाळी सहा-सातला उतरतो, आंघोळ करून कामाला लागतो. लॉजचं भाडं वाचतं, रजाही वाचते. एस.टी.ने आपल्या रात्रीच्या गाडीला ‘रातराणी’ हे नाव दिलं तेव्हा या धंद्याचं मर्म कुणाला तरी बरोबर कळलेलं होतं. खासगी बसवाला अंतर विकतच नाही. तो रात्र विकतो.

आता या रात्रीचा हिशेब पाहू. रोज रात्री एक फेरी द्यायची तर गाड्या दोन लागतात, कारण एक इकडून निघते त्याच वेळी दुसरी तिकडून. दिवसभर दोन्ही उभ्या. चादरी बदलायच्या, एसीची कुरकुर बघायची, टायर ठोकून बघायचे. कोटीभर रुपयांची वस्तू दिवसाचे चौदा-पंधरा तास एका जागी उभी राहते आणि तिचा हप्ता मात्र चोवीस तास चालू असतो. त्यात शुक्रवारी बंगळूरूहून सुटणारी गाडी तुडुंब, तर बुधवारी निम्मे बर्थ मोकळे. गणपती-दिवाळीला तिकिटं का भडकतात त्याचं उत्तर या मोकळ्या बुधवारात आहे. (भडकतात ती कुठवर, यालाही आपल्याकडे मर्यादा आहे. 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं की खासगी बसचं भाडं एस.टी.च्या भाड्याच्या दीडपटीवर जाता कामा नये. हंगामात ती मर्यादा किती पाळली जाते ते वाचक माझ्याहून चांगलं जाणतात.)

दुसरी अडचण कायद्यातली आहे, आणि ती समजल्याशिवाय या लेखमालेतलं कुठलंच घराणं नीट समजणार नाही. मोटार वाहन कायदा परवान्याचे दोन मुख्य प्रकार करतो. टप्पा वाहतूक, म्हणजे थांब्याथांब्यावर माणसं चढवत-उतरवत जायचं. हा बहुतांशी एस.टी.सारख्या महामंडळांचा प्रांत. आणि कंत्राटी वाहतूक, म्हणजे ठरलेली मंडळी इथून उचलायची, तिथे सोडायची, वाटेत नवा माणूस घ्यायचा नाही. 1989 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात पर्यटक परमिट अधिक सुटसुटीत झालं, आणि देशातल्या खासगी रातगाड्या प्रामुख्याने त्याच परमिटवर धावत आल्या. म्हणजे कागदोपत्री तुम्ही-आम्ही वऱ्हाडासारखे एकत्र निघालेलो असतो. प्रत्यक्षात वरच्या बर्थवर कोण झोपलंय त्याचा चेहराही आपण पाहत नाही. कायदा आणि रस्ता यांच्यातल्या या फटीत हा सारा धंदा वाढला, आणि आरटीओच्या तपासणीची भीतीही त्याच फटीतून आत येते.

एकदा कोल्हापूरच्या बाहेर रात्री दोनला अशाच एका गाडीत (कुणाची, ते सांगत नाही) मी जागा झालो तो खालून येणाऱ्या आवाजाने. क्लीनर डिकीतून खोकी काढून टेम्पोत रचत होता. वीस मिनिटं गेली. एकही प्रवासी चढला-उतरला नव्हता. तेव्हा चिडलो होतो. आता कळतं की बुधवारच्या मोकळ्या बर्थचं भाडं डिकी भरून काढते, आणि म्हणूनच तो मोह सुटत नाही. ज्या घराकडे स्वतःचे ट्रक आहेत त्याची गरज इथे वेगळी असते. खोक्यांसाठी त्याच्याकडे दुसरी गाडी तयारच उभी आहे.

माल आणि माणूस यांत फरक मात्र आहेच. खोकं एक दिवस उशिरा पोचलं तर व्यापारी फोनवर चार शब्द सुनावतो, संपलं. माणसाच्या बाबतीत तसं नसतं. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली स्लीपर बस पेटली आणि 25 जण गेले. त्यानंतर कितीतरी घरांत रातगाडीचं तिकीट काढताना हात अडखळला. दोष एका गाडीचा, झळ सगळ्या धंद्याला.

2015 च्या एप्रिलमध्ये व्हीआरएलचे शेअर बाजारात आले. मागणी इतकी, की विक्रीला काढलेल्या शेअरांच्या सत्तरपटीहून जास्त अर्ज पडले. तेव्हा कंपनीकडे मालगाड्या साडेतीन हजारांहून जास्त होत्या, तर बस साडेचारशेच्या घरात. एकूण उत्पन्नात बसचा वाटा साधारण पाचव्या हिश्शाचा. बंगळूरूहून जोधपूरला जाणारी दोन हजार किलोमीटरच्या आसपासची गाडीही यांचीच. एका रात्रीच्या हिशेबात न बसणारी, पण राजस्थानी व्यापारी आणि कारागीर दक्षिणेत जिथे जिथे स्थिरावले तिथून घरी जाणारी. विजय संकेश्वर मधल्या काळात खासदार झाले, कन्नड वृत्तपत्र काढलं, ते विकलं, पुन्हा दुसरं काढलं. तो भाग इथे सोडून देतो.

लोकांचा पैसा घेतला की लोक प्रश्न विचारतात. 2016 मध्ये घरच्यांनी विमान कंपनी काढण्याचा विचार बोलून दाखवला आणि शेअर धाडकन खाली आला. बेत गुंडाळला गेला. त्यानंतर करोनात महिनोन् महिने बस उभ्या राहिल्या, माल मात्र चालूच राहिला. गुंतवणूकदारांच्या दृष्टीने बस हे ओझं झालं: नफा हंगामी, जोखीम माणसांची, कायदा धूसर. शेवटी कंपनीने बसचा सगळा कारभार सुमारे 230 कोटी रुपयांना विकून टाकला. 2023 उजाडलं तेव्हा बस नव्या मालकाकडे गेल्या होत्या. घेणारी कंपनी होती विजयानंद ट्रॅव्हल्स. म्हणजे पुन्हा संकेश्वरच.

बाजाराला नको असलेली वस्तू घराने स्वतःच्या खिशातून विकत घेतली. यात भावना किती आणि हिशेब किती, यावर हुबळीत तुम्हाला दोन्ही मतं ऐकायला मिळतील. मला हिशेब जास्त दिसतो. शेअरबाजार दर तीन महिन्यांनी नफा विचारतो, आणि बसचा धंदा दिवाळी ते दिवाळी मोजावा लागतो. एवढी वाट घरचा माणूस पाहू शकतो.

पुढच्या लेखांकात गाडी सोडून तिकिटाकडे वळू. एजंटच्या टेबलावरची ती वही, तिच्यातले पेन्सिलने फुली मारलेले चौकोन, आणि 2006 मध्ये बंगळूरूत रेडबस सुरू झाल्यावर त्या वहीचं काय झालं ते.