सात हजार लिटरांचा संसार

सफरचंद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतात ती आजाऱ्याला भेटायला जाताना नेलेली लाल, गुळगुळीत फळे. पण दातांखाली धरताच तोंड वाकडे करायला लावणारी सफरचंदेही असतात, आणि त्यांच्यावर इंग्लंडातल्या कित्येक बागाईतदारांचे संसार चालतात, हे मला गेल्या वर्षी हेरफर्डशायरात मुलीकडे राहिलो तेव्हा कळले. या तुरट फळांच्या रसापासून तिकडे ‘सायडर’ नावाचे मद्य करतात. वाचकहो, गैरसमज नको! मी पेल्याला ओठ लावला नाही. पण सारा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेलेला; शेजारच्या आजोबांचा प्रश्न ऐकला आणि आकडे मांडल्यावाचून राहवेना.

आजोबांची बाग चार एकरांची. वर्षानुवर्षे सारी फळे करारावर एका कारखान्यात जात. कराराची मुदत संपली आणि कारखान्याने तो पुन्हा केला नाही. आता झाडे तोडायची की आपणच रस काढायचा?

तोडायला एक दिवस पुरतो. लावायचे म्हटले तर ठेंगण्या झाडांना फळ धरायला तीन-चार वर्षे, उंच वाढणाऱ्या जुन्या झाडांना दहा-पंधरा. त्यातून पुष्कळ जाती एक वर्ष भरभरून देतात आणि पुढच्या वर्षी हात आखडतात.

रस काढण्याचे काम आपल्या गुऱ्हाळाच्या जातीचे. फळे धुवायची, त्यांचा कीस करायचा, तो कापडात गुंडाळून थरावर थर रचायचे आणि दाबायचे. फळे जमिनीवरून वेचतात, म्हणून वेचणीआधी 56 दिवस बागेत मेंढरे सोडत नाहीत. ‘डॅबिनेट’ गोड-तुरट, ‘किंग्स्टन ब्लॅक’ आंबट-तुरट. अशा जातींच्या मेळातून चव जमते. रस थंडीभर पिंपात सावकाश आंबतो आणि वसंतात पिण्याजोगा होतो.

टनभर फळांचा सुमारे 600 लिटर रस निघतो, म्हणजे पाऊण लिटरच्या 800 बाटल्या. कारखाना टनाला शंभरेक पौंड देई. बाटलीला तीन पौंड धरले, तर 2400! आजीबाईंचे डोळे चमकले. मग मी वजाबाकी मांडली: बाटल्या, बुचे, लेबले, दाबयंत्र, पिंपे, विक्रीचा परवाना, दुकानदाराचा वाटा आणि सहा महिने अडकून पडलेला पैसा. आजीबाई चहा करायला उठल्या.

कायदा मात्र लहान माणसाच्या बाजूचा आहे. 1976 पासून वर्षाला 7000 लिटरांपर्यंत सायडर करणाऱ्याला अबकारी कर माफ आहे. पूर्वी ही रेघ ओलांडली की साऱ्या मालावर पुरा कर बसे, म्हणून पुष्कळजण मुद्दाम रेघेच्या आतच राहत. ऑगस्ट 2023 पासून लहान उत्पादकांना सवलतीचा दर मिळू लागला, तेव्हा रेघेपलीकडची उडी आता तितकी जीवघेणी नाही.

पण 7000 लिटरांना फळे लागतात सुमारे बारा टन. भरात आलेल्या ठेंगण्या झाडांचा एक-सव्वा एकर त्याला पुरतो. उरलेल्या पावणेतीन एकरांचे काय? आणि नऊ हजारांवर बाटल्या सत्तरीची दोन माणसे विकणार कुठे? बाग जगवायची ती झाडांच्या संख्येवर नव्हे, गिऱ्हाइकांच्या संख्येवर, हे माझ्या वहीने सांगितले. आजोबांना ते आधीच ठाऊक असावे. त्यांना फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे होते.

शेवटी ठरले ते असे: सव्वा एकर स्वतःसाठी ठेवायचा, एक एकराची फळे आसपासच्या लहान सायडरवाल्यांना द्यायची, बाकीची झाडे काढायची. पहिल्या वर्षी फक्त 2000 लिटर. तेवढ्या बाटल्या खपल्या, तर पुढचे पिंप.

तोडायच्या झाडांवर आजोबांनी खडूने फुल्या मारल्या. मागाहून आजीबाईंनी जाऊन त्यांतल्या दोन पुसल्या. हिशेबात ते बसत नव्हते. पण मी वही मिटून ठेवली.