मोठ्या जातीच्या पिल्लांचा आहार

मोठ्या जातीच्या पिल्लांचा आहार म्हणजे प्रौढपणी साधारणतः २५ किलोग्रॅमहून अधिक वजन होणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांना वाढीच्या काळात दिले जाणारे अन्न होय. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर रिट्रीव्हर आणि गोल्डन रिट्रीव्हर या अशा काही प्रमुख जाती आहेत. पिल्लाला लवकर मोठे करणे हे या आहाराचे उद्दिष्ट नसते. त्याची वाढ संथ आणि एकसारखी राखणे हे असते. अधिक अन्न आणि अधिक कॅल्शियम दिल्याने हाडे मजबूत होतात, ही प्रचलित समजूत या जातींच्या बाबतीत चुकीची ठरली आहे.

वाढीचे स्वरूप

लहान जातींची कुत्री सुमारे ८ ते १० महिन्यांत पूर्ण वाढतात. मोठ्या जातींना १२ ते १८ महिने, तर अतिविशाल जातींना १८ ते २४ महिने लागतात. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः साधारण अर्धा ते पाऊण किलोग्रॅम वजनाचे असते. प्रौढ नराचे वजन ५० किलोग्रॅमहून अधिक भरते. या काळात कूर्चेचे रूपांतर हाडात होत असते. वजन हाडांच्या क्षमतेपेक्षा वेगाने वाढल्यास कोवळ्या सांध्यांवर ताण येतो. खुब्याचा सांधा सैल राहणे (हिप डिसप्लेसिया) आणि सांध्यातील कूर्चा नीट न घडणे (ऑस्टिओकाँड्रोसिस) हे या वयातील महत्त्वाचे विकार आहेत. त्यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असला, तरी विकाराची तीव्रता आहारामुळे कमी-जास्त होऊ शकते.

कॅल्शियमचे प्रमाण

प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेनुसार कॅल्शियमचे शोषण कमी-जास्त करते. सुमारे ६ महिन्यांपर्यंतच्या पिल्लात ही नियंत्रणव्यवस्था पुरेशी विकसित झालेली नसते. त्यामुळे अन्नातील जादा कॅल्शियमचा बराच भाग शरीरात जातो आणि हाडांच्या स्वाभाविक घडणीत अडथळा आणतो.

अमेरिकेतील ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन फीड कंट्रोल ऑफिशियल्स’ अर्थात ‘आफ्को’ या संस्थेच्या मानकानुसार वाढीच्या आहारात शुष्क पदार्थाच्या किमान १.२ टक्के कॅल्शियम असावे लागते. प्रौढपणी सुमारे ३२ किलोग्रॅम किंवा अधिक वजन होणाऱ्या पिल्लांसाठी कमाल मर्यादा १.८ टक्के आहे. इतर पिल्लांसाठी ती २.५ टक्के आहे. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे गुणोत्तर १:१ ते २:१ या दरम्यान असावे लागते.

संशोधन

हेडहॅमर आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली ग्रेट डेन पिल्लांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पौष्टिक अन्न हवे तेवढे खाऊ दिलेल्या पिल्लांत अस्थिविकार अधिक आढळले. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे हेझविंकेल आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियम दिलेल्या ग्रेट डेन पिल्लांच्या हाडांची घडण बिघडल्याचे दिसले. प्रथिनांमुळे हाडे बिघडतात, या समजुतीला मात्र १९९१ मधील अभ्यासात आधार मिळाला नाही. त्यात सुमारे १५ ते ३२ टक्के प्रथिने असलेले आहार देण्यात आले होते.

लॅब्राडोर जातीच्या ४८ कुत्र्यांवर त्यांच्या आयुष्यभर चाललेला अभ्यासही प्रसिद्ध आहे. जोडीतील एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न देण्यात आले. कमी अन्न मिळालेल्या गटात हिप डिसप्लेसियाचे प्रमाण कमी आढळले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाचे मध्यक आयुर्मान १३.० वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे होते.

खाद्याची निवड

वेष्टनावरील छायाचित्रापेक्षा किंवा ‘प्रीमियम’ यांसारख्या शब्दांपेक्षा पोषणविषयक विधान महत्त्वाचे असते. आफ्कोची मानके पाळणाऱ्या खाद्यावर ते ‘वाढीसाठी’ किंवा ‘सर्व वयोगटांसाठी’ असल्याचे नमूद असते. मोठ्या जातींच्या वाढीचा त्यात समावेश आहे की त्या वगळल्या आहेत, हेही तेथे लिहिलेले असते. वगळल्याचा उल्लेख असलेले खाद्य या पिल्लांसाठी योग्य नसते.

वेष्टनावरील टक्केवारी बहुधा पाण्याच्या अंशासह दिलेली असते. त्यामुळे दोन खाद्यांची तुलना शुष्क पदार्थाच्या आधारे करावी लागते. उदाहरणार्थ, १० टक्के पाणी असलेल्या कोरड्या खाद्यात १.२ टक्के कॅल्शियम असल्यास शुष्क पदार्थातील प्रमाण १.२ ÷ ०.९०, म्हणजे सुमारे १.३३ टक्के होते. ७८ टक्के पाणी असलेल्या ओल्या खाद्यात ०.३ टक्के कॅल्शियम असल्यास हेच प्रमाण ०.३ ÷ ०.२२, म्हणजे सुमारे १.३६ टक्के भरते. वरवर चौपट वाटणारा फरक प्रत्यक्षात जवळजवळ नसतो.

वाढ मंद व्हावी म्हणून पिल्लाला लवकरच प्रौढांचे खाद्य देणे हा योग्य उपाय नाही. अशा खाद्यातील खनिजांचे प्रमाण वाढत्या हाडांच्या गरजेनुसार ठरवलेले नसते.

अन्नाचे प्रमाण

चांगले खाद्यही प्रमाणाबाहेर दिल्यास अपायकारक ठरते. वजनाचा ०.७५ वा घात काढून त्याला ७० ने गुणल्यास विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेची दैनंदिन गरज किलोकॅलरीत मिळते. ४ महिन्यांपर्यंत त्याच्या सुमारे तिप्पट आणि पुढे सुमारे दुप्पट ऊर्जा लागते. १६ किलोग्रॅम वजनाच्या ५ महिन्यांच्या पिल्लासाठी ही गरज ५६० × २ म्हणजे १,१२० किलोकॅलरी येते. प्रतिकिलोग्रॅम ३,७५० किलोकॅलरी देणारे खाद्य असल्यास दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम पुरते. ते एकदम न देता तीन वेळा विभागून दिले जाते.

हा हिशेब केवळ आरंभबिंदू होय. पिल्लाच्या फासळ्या हाताला सहज लागाव्यात, वरून पाहता कंबर आणि बाजूने पाहता पोटाचा चढ दिसावा, अशी शरीरस्थिती योग्य मानली जाते. त्यानुसार दर एक-दोन आठवड्यांनी प्रमाण बदलले जाते.

घरगुती आहार आणि पूरके

महाराष्ट्रात अनेक घरांत पिल्लांना दूध-पोळी, दहीभात किंवा उकडलेली कोंबडी दिली जाते. पोळी आणि भात यांत कॅल्शियम अल्प असते. हाडांविना मांसात फॉस्फरसच्या तुलनेत कॅल्शियम फारच कमी असते. दीर्घकाळ केवळ मांसावर वाढलेल्या पिल्लाचे शरीर स्वतःच्याच हाडांतील कॅल्शियम काढून घेते आणि हाडे सहज मोडू लागतात. म्हणून घरगुती आहार पशुवैद्यकाकडून संतुलित करून घेणे आवश्यक असते. याउलट, संतुलित तयार खाद्यासोबत कॅल्शियमचे औषध देणे अनावश्यक आणि घातक ठरू शकते. एकच पूरक अशा प्रकारे एका पिल्लासाठी गरजेचे, तर दुसऱ्यासाठी अपायकारक असते. आधी मूळ आहार पाहूनच त्याचा निर्णय घेतला जातो.

कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉलयुक्त पदार्थ कोणत्याही जातीच्या कुत्र्यासाठी विषारी असतात. खाद्य बदलायचे असल्यास ७ ते १० दिवसांत हळूहळू बदलले जाते. प्रौढांचे खाद्य वाढ पूर्ण होत आल्यावरच सुरू केले जाते.