पत्रा तापविण्यापूर्वी दोन प्रश्न

मृग नक्षत्र जवळ आले की गोठ्याचे पत्रे, पन्हळी आणि फाटके दुरुस्तीस निघतात. पूर्वी हे काम लोहाराकडे जाई. आता वेल्डिंगचे यंत्र खेडोपाडी पोहोचले आहे, म्हणून पुष्कळ शेतकरी बांधव ते अंगणातच उरकतात. परंतु पत्र्याला आग लावण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत, असे आम्ही सुचवितो : पत्र्यावर काय चढविले आहे? आणि पिंपात पूर्वी काय भरले होते?

पत्र्यावर काय आहे?

छपराचा जस्ती पत्रा म्हणजे गंजू नये म्हणून जस्त चढविलेले लोखंड होय. लोखंड सुमारे १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. जस्ताची मात्र ९०७ अंशांनाच वाफ होते. म्हणजे लोखंड जोडण्याइतके तापेपर्यंत वरचे जस्त उडू लागलेले असते. हवा लागताच त्याचा पांढरा धूर होतो आणि श्वासाबरोबर छातीत जातो.

त्या वेळी विशेष काही वाटत नाही. चार ते दहा तासांनी तोंडाला धातूची चव येते, घसा कोरडा पडतो, हुडहुडी भरते, ताप चढतो, अंग ठणकते. हिवताप आला असेच वाटते. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. पितळेत जस्त असते, म्हणून पितळ ओतणाऱ्या कामगारांनाही तो येतो. त्याला ‘सोमवारचा ताप’ असेही म्हणतात. आठवडाभरात शरीराला धुराची थोडी सवय होते, रविवारच्या विश्रांतीत ती मोडते आणि सोमवारी ताप पुन्हा येतो. तेव्हा मधले दिवस ताप आला नाही म्हणून धूर निर्धोक आहे, असे समजू नये.

दूध प्याल्याने किंवा गूळ खाल्ल्याने हा धूर बाधत नाही, ही समजूत चुकीची आहे. दूध पोटात जाते, धूर फुप्फुसात. तोंडाला बांधलेला रुमालही हा धूर अडवीत नाही.

काही नटबोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो, तर जुन्या रंगात शिसे असू शकते. कॅडमियमच्या धुराचा त्रास सुरुवातीस असाच दिसतो, पण त्याने फुप्फुसांना सूज येऊन प्राणही जाऊ शकतो. म्हणून धाप लागली, छाती दुखली किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर दवाखाना गाठावा. हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावे, आणि आपण काय तापविले हेही डॉक्टरांना सांगावे.

पिंपात काय होते?

डिझेल-पेट्रोलचे ‘रिकामे’ पिंप खरोखर रिकामे नसते. तळाशी व सांध्यांत राहिलेल्या थेंबांची वाफ आत कोंडलेली असते. गॅस कटरची ज्योत किंवा ग्राइंडरची ठिणगी लागताच पिंप बॉम्बसारखे फुटते. नुसते पाण्याने विसळल्याने हा धोका जात नाही. असे पिंप घरी कापूच नये. कीटकनाशकाचे पिंप तर कापूही नये, तापवूही नये आणि पाणी, धान्य किंवा वैरण यांसाठी वापरूही नये.

एवढे करावे

१. छपराचा पत्रा जोडण्यास वेल्डिंगऐवजी हुक-बोल्ट व वॉशर वापरावेत.
२. वेल्डिंग करावेच लागले तर उघड्यावर करावे. वारा बाजूने येईल असे उभे राहावे आणि डोके धुरात घालू नये.
३. शेगडीसाठी जस्ती बादली न घेता साधा काळा पत्रा घ्यावा.
४. कापलेल्या पत्र्याची धार सुरीसारखी असते. चामडी हातमोजे घालावेत. जखम झाल्यास साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे.
५. लाली गेली तरी पत्रा बराच वेळ तापलेला असतो. भाजल्यास वीस मिनिटे गार पाणी सोडावे. तूप, शेण किंवा टूथपेस्ट लावू नये.
६. वेल्डिंगचा उजेड पाहण्यास मुले जमतात. त्यांना दूर पाठवावे. त्या उजेडाने काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

पत्र्यावर किंवा पिंपात काय होते हे कळत नसेल, तर त्याला आग न लावणे हेच शहाणपणाचे.