प्लायवूड प्रेसचा लोडर : बचत मजुरीत कमी, गोंदात जास्त

मी कापडवाला माणूस. लाकडाशी माझा संबंध दुकानातल्या फळ्यांपुरता. तरी या वेळी प्लायवूडच्या एका यंत्राविषयी लिहितो आहे, त्याला कारण आहे. आपल्या वाचकांत फर्निचरचे कारागीर पुष्कळ आहेत, प्लायवूडचे दुकानदार आहेत, आणि आता दोघे-चौघे मिळून छोटा कारखाना टाकण्याच्या गोष्टीही कानावर येतात. त्या सर्वांच्या कामाची ही माहिती आहे. मला ती उशिरा कळली, आणि त्या उशिराचे नुकसान दुसऱ्याच माणसाने सोसले.

२०१६ साली मी दुकानात कापडाचे तागे ठेवण्यासाठी नवे रॅक करून घेतले. माल १९ मिलिमीटरचा, भाव चांगला मोजलेला. आठ महिन्यांत काही फळ्यांचा वरचा पापुद्रा सुटू लागला. तागा ओढला की पापुद्र्याची किनार कापडात अडके आणि धागा ओढला जाई. मिस्त्रीला बोलावले. तो म्हणाला, "शेठ, कापणे आणि ठोकणे एवढे माझ्या हातात. चिकटवून येते ते कारखान्यातून." मला तो बहाणा वाटला. त्याचे सात हजार रुपये देणे बाकी होते, ते मी अडकवून ठेवले.

दोन वर्षांनी मालाच्या वसुलीसाठी केरळात जाणे झाले. एर्नाकुलम जिल्ह्यात पेरुंबावूर नावाचे गाव आहे. आसाम, बंगाल, ओरिसाचे हजारो मजूर तिथे काम करतात. रविवारी बाजारात त्यांचीच गर्दी असते आणि लुंगी, गमछा, शर्ट असा माल हातोहात जातो. हे मजूर तिथे आले ते मुख्यतः प्लायवूडसाठी. डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ईशान्येकडच्या लाकडावर कडक बंधने घातली, तिकडच्या गिरण्या बंद पडल्या, आणि धंदा दोन ठिकाणी जोरात वाढला : हरियाणात यमुनानगरला पॉपलरच्या लाकडावर आणि इकडे पेरुंबावूरला रबराच्या लाकडावर. ओळखीच्या एका कापड एजंटाने मला तिथल्या एका कारखानदाराकडे नेले. सुटलेल्या फळीचा वीतभर तुकडा मी मुद्दाम पिशवीत घेतला होता.

कारखानदाराने पापुद्रा नखाने उचलला, उजेडात धरला आणि बोट फिरवून म्हणाला, "लकडी का रेशा देखो, है? नहीं है. गोंद प्रेस से पहले मर गया." चांगला चिकटलेला पापुद्रा ओढला तर लाकडाचे तंतू तुटून त्याच्यासोबत येतात. माझ्या तुकड्यावर तंतू नव्हते, नुसता कडक, चमकणारा गोंद होता. मग तो मला प्रेसच्या तोंडाशी घेऊन गेला.

आता प्लायवूड कसे होते ते थोडक्यात सांगतो. ओंडका यंत्रावर फिरवून त्याचे साल काढल्यासारखे लांब पापुद्रे काढतात, त्यांना व्हिनीयर म्हणतात. ते वाळवतात, गोंद लावतात आणि एकावर एक रचतात. एकाचा रेषा उभा, दुसऱ्याचा आडवा. आपल्या ताण्या-बाण्यासारखेच, म्हणून फळी दोन्ही बाजूंनी मजबूत होते. ही रचलेली चळत आधी थंड प्रेसमध्ये दाबून ठेवतात आणि नंतर गरम प्रेसमध्ये घालतात. गोंद पक्का होतो तो इथेच.

गरम प्रेस म्हणजे लोखंडी जाड प्लेटांचे कपाट समजा. दोन प्लेटांमधल्या खणाला धंद्यात डेलाइट म्हणतात. पाच खणांचे, दहा खणांचे, पंधरा खणांचे प्रेस असतात. प्लेटांच्या पोटातून वाफ किंवा गरम तेल फिरते. साध्या युरिया गोंदाला १०० ते १२० अंश उष्णता लागते, पाण्याला टिकणाऱ्या फिनॉल गोंदाला साधारण १३० ते १४५ अंश. खालून हायड्रॉलिकचा दट्ट्या सगळे कपाट वर उचलून मिटवतो. दर चौरस सेंटिमीटरला १२ किलो दाब धरला तर आठ बाय चारच्या फळीवर साडेतीनशे टनांहून जास्त भार येतो. खण दहा असले म्हणून हा भार दहा ठिकाणी वाटला जात नाही. तोच भार एका फळीतून दुसरीत जातो आणि प्रत्येकीला पुरा मिळतो. म्हणूनच एका प्रेसला इतके खण ठेवणे परवडते.

अडचण माल भरण्यात आहे. हाताने भरायचे तर दोन माणसे पुढे, दोन मागे. मागचे शिजलेली फळी ओढून घेतात, पुढचे कच्ची फळी आत ढकलतात. एका खणाला १५ सेकंद धरा. दहा खणांना अडीच मिनिटे, आणि प्रेस मिटायला वर अर्धे मिनिट. म्हणजे पहिल्या खणातली फळी तीन मिनिटे तापलेल्या प्लेटवर दाबाशिवाय पडून राहते. फळीचा अगदी वरचा आणि अगदी खालचा पापुद्रा, ज्याला फेस म्हणतात, तो बऱ्याच वेळा पाव-अर्धा मिलिमीटरचा, कागदासारखा असतो. त्याच्या आतल्या गोंदापर्यंत उष्णता पोहोचायला वेळ लागत नाही. युरिया गोंदात पक्का होण्यासाठी नवसागर घातलेला असतो, तो उष्णता मिळताच काम सुरू करतो. पापुद्रा अजून लाकडाला नीट टेकलेलाही नसतो आणि गोंद आपल्या जागी सुकून कडक होतो. नंतर साडेतीनशे टन घाला नाहीतर हजार घाला, मेलेला गोंद धरत नाही.

वाईट गोष्ट ही, की कारखान्यातून निघताना अशी फळी दिसायला ठीक असते. घासून, गुळगुळीत होऊन, शिक्का घेऊन ती दुकानात येते. सुटते ती गिऱ्हाईकाच्या घरी, एखाद्या पावसाळ्यानंतर, आणि समोर उभा असतो मिस्त्री.

लोडर हे यंत्र या तीन मिनिटांसाठी आहे. प्रेसच्या पुढे दुसरे कपाट उभे करतात, त्याला पिंजरा म्हणा. प्रेसला जितके खण, तितकेच पिंजऱ्याला ताट, आणि अंतरही तेच. प्रेस मिटून आतला घाणा शिजत असतो तेव्हा मजूर आरामात, एक एक करून, पिंजऱ्याची ताटे भरतात. पिंजरा किंवा पुढचे टेबल वर-खाली सरकते, त्यामुळे फळी नेहमी कमरेच्या उंचीवरच ढकलावी लागते. प्रेस उघडला की सगळी ताटे एकदम आत जातात. जाताना त्यांच्या पुढच्या कडा शिजलेल्या फळ्यांना मागच्या बाजूला ढकलतात, तिथे उतरवणारा दुसरा पिंजरा त्या घेतो. मग एक आडकाठी कच्च्या फळ्यांना धरून ठेवते आणि ताटे मागे येतात. फळ्या अलगद प्लेटवर बसतात. सगळ्या खणांचे मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत काम होते. पूर्वी फळीखाली ॲल्युमिनियमचा पत्रा घालून पत्र्यासकट आत ढकलत. काही ठिकाणी अजून तसे करतात, पण पत्रे धुणे, थंड करणे आणि सरळ राखणे हे वेगळेच काम होऊन बसते.

मागवाल्यांना हे पटकन समजेल. माग चालू असतानाच कांड्या भरून ठेवतात. माग थांबवून कांडी भरायला बसला तर धंदा बुडाला. लोडर म्हणजे प्रेसची कांडी बाहेर भरून ठेवणे.

याच्याच जोडीला एक भाग असतो, तो विकणारा कधी कधी वगळून भाव कमी सांगतो. साधा प्रेस मिटतो तो खालून एकेक खण मिटत वर. पूर्ण दाब येतो शेवटचा खण मिटल्यावरच. तोवर खालच्या फळ्या दोन्ही बाजूंनी भाजत असतात. सगळे खण एकदम, सारख्या गतीने मिटावेत म्हणून प्रेसच्या बाजूला दांड्यांची जोडणी बसवतात. खण जास्त असतील तर ही जोडणी लोडरइतकीच महत्त्वाची आहे. लोडरने वाचवलेला वेळ मिटण्यात घालवला तर काय मिळवले?

आता हिशेब. समजा दहा खणांचा प्रेस आहे आणि चार मिलिमीटरची पातळ फळी काढतो. शिजायला चार मिनिटे, हाताने भरणे-मिटणे तीन मिनिटे. घाणा सात मिनिटांचा. आठ तासांत ६८ घाणे, म्हणजे ६८० फळ्या. लोडरने भरणे-मिटणे एका मिनिटात झाले तर घाणा पाच मिनिटांचा, ९६ घाणे, ९६० फळ्या. आता तोच प्रेस १९ मिलिमीटरला लावा. शिजायला वीस मिनिटे धरा. हाताने २३ मिनिटांचा घाणा, लोडरने २१ चा. आठ तासांत २० घाण्यांचे २२ झाले. एवढ्यासाठी कोण कर्ज काढील? म्हणून "उत्पादन दीडपट" असे कोणी सांगितले तर आधी विचारा, कोणत्या जाडीला?

पण जाड फळीच्या बाबतीतही गोंदाचा हिशेब बदलत नाही. पहिल्या खणाचे थांबणे जाडीवर अवलंबून नाही, खणांच्या संख्येवर आहे. माझी सुटलेली फळी १९ चीच होती. पाच खणांचा प्रेस चार चपळ माणसे सव्वा मिनिटात भरतात, तिथे लोडर नसला तरी निभावते. बारा-पंधरा खण हाताने भरणारा कारखाना दिसला की मी तरी पहिल्या खणाचा माल घेणार नाही. फक्त तो कोणता हे दुकानात कळत नाही.

मजुरीत बचत होते असे विकणारे सर्वात आधी सांगतात. मी पाहिले त्यात चारपैकी दोन माणसे कमी झाली होती, पण पिंजरा भरायला कोणीतरी लागतेच. खरा फरक माणसाच्या जागेत पडला. प्रेसच्या तोंडाशी उभे राहून पाहा, डोळ्यांतून पाणी येते. तो वास फॉर्मल्डिहाइडचा. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत धरले आहे. आणि मिटणाऱ्या प्लेटांमध्ये हात सरळ करायला घालणारा मजूर मी स्वतः पाहिला. एक फळी तिरकी गेली होती. लोडर असेल तर माणूस त्या तोंडापासून काही पावले दूर राहतो.

घ्यायचाच असेल तर काही गोष्टी आधी पाहाव्यात. थंड प्रेस नसेल तर लोडरचा विचार सोडा. थंड प्रेसमध्ये अर्धा-पाऊण तास दाबल्यावर ओला गोंद पापुद्र्यांना इतपत धरतो की चळत एका फळीसारखी उचलता येते. नाहीतर ताट मागे येताना फेस सरकतो, दुमडतो, आणि फळीवर कायमची सुरकुती पडते. युरिया गोंदात मैदा घालतात तो या पकडीसाठीही असतो. आपल्या सायझिंगमध्ये कांजीचे जसे प्रमाण, तसेच त्याचे. मैदा वाचवणाऱ्याला लोडर त्रास देतो.

दुसरे, जागा. फळी आठ फूट लांब. पुढे पिंजरा, त्याच्या पुढे भरण्याचे टेबल, मागे उतरवण्याचा पिंजरा. प्रेसच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा नसेल तर भिंत पाडावी लागेल. जुना लोडर स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी खणांची संख्या आणि दोन खणांमधले अंतर स्वतः टेपने मोजावे. एका इंचाचा फरक दहाव्या खणापर्यंत नऊ इंचांचा होतो. प्रेस पूर्ण उघडल्याशिवाय ताट पुढे जाऊ नये, आणि ताट आत असताना प्रेस मिटू नये, यासाठी विजेची अडवणूक असते. जुन्या यंत्रांत मिस्त्री लोक ती काढून टाकतात, कारण तिच्यामुळे काम अडते. ती चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरे, मागचे काम. प्रेस ९६० फळ्या शिजवू शकतो, पण गोंद लावणारा रोलर आणि रचणारी माणसे ७०० चीच चळत देत असतील तर लोडर अर्धा वेळ रिकामा उभा राहील.

आणि प्रत्येक फुगा, प्रत्येक सुटलेला पापुद्रा लोडर नसल्यामुळे असतो असेही नाही. व्हिनीयर नीट वाळले नसेल तर आत वाफ कोंडते आणि दाब सोडताच फळी फुगते; असा फुगा लगेच, कारखान्यातच दिसतो आणि ठोकले की पोकळ वाजतो. तो दोष ड्रायरचा, किंवा दाब एकदम सोडणाऱ्याचा. कारागिरांनी फरक असा ओळखावा : सुटलेल्या जागी लाकडाचे तंतू नाहीत आणि गोंद काचेसारखा, तर तो दाबाआधी मेला. गोंदच दिसत नाही, तर तो लावलाच कमी. तुकडा जपून ठेवावा, दुकानदाराला दाखवावा, आणि गिऱ्हाईकालाही.

केरळातून परत आल्यावर मी मिस्त्रीला सात हजार रुपये दिले. त्याने ते मोजून घेतले. माझ्याकडे त्यानंतर काम मात्र केले नाही. दुकानाचे रॅक दुसऱ्याकडून बदलून घ्यावे लागले.

ज्यांचा प्रेस आधीच चालू आहे त्यांनी लोडरवाल्याला बोलावण्यापूर्वी एक दिवस घड्याळ घेऊन प्रेसजवळ उभे राहावे. पहिली फळी प्लेटला टेकल्यापासून काटा पूर्ण दाबावर येईपर्यंत किती सेकंद जातात ते दहा घाणे लिहून काढावे, सकाळचे पाच आणि पाळी संपतानाचे पाच, कारण थकलेली माणसे हळू भरतात. मग गोंद पुरवणाऱ्याला विचारावे, तुमचा गोंद या उष्णतेला दाबाशिवाय किती सेकंद थांबतो. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा निघाला तर लोडर घ्या, किंवा खण कमी भरा.