बीपीची गोळी आणि मोबाइल

बीपीची गोळी सुटते ती बरे वाटू लागल्यावर. कामरगावच्या घरातली अम्मी म्हणते, "आता चक्कर नाही, मग गोळी कशाला?" पुढे कारंज्याला जाऊन गोळ्या आणणेही राहून जाते. बीपी मात्र आतून वाढतच असते आणि एक दिवस लकवा मारतो.

इथे मोबाइल कामी येतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात आधी आपल्या विदर्भातले वर्धा, भंडारा आणि तिकडचे सातारा, सिंधुदुर्ग घेतले. तिथल्या दवाखान्यांत नर्स 'सिंपल' अ‍ॅपवर नोंदी ठेवू लागल्या. रुग्णाचे कार्ड स्कॅन केले की मागचे बीपी, चालू गोळ्या समोर. तारीख चुकवणाऱ्यांची यादीही निघते. त्यांना फोन करता येतो. आम्हाला तर अ‍ॅपचे खरे मोल या यादीतच दिसते.

घरी आपणही गोळीचा गजर लावावा, आकडे लिहून ठेवावेत. पण कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या अ‍ॅपवर विसंबू नये. अमेरिकेत अशा एका अ‍ॅपची २०१६ मध्ये तपासणी झाली, तेव्हा बीपी वाढलेल्या दहातल्या जवळपास आठ जणांना त्याने ठीक ठरवले होते! मोजायला दंडाला पट्टा बांधायचे यंत्रच हवे.

रमजानआधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ सेहरी किंवा इफ्तारला बसवून घ्यावी आणि गजरही त्याप्रमाणे बदलावा.