माळ्यावरचा समुद्र

दिवाळीची झाडलोट म्हणजे आमच्या चिखलीच्या घरातली उत्खननमोहीमच! आम्ही पुण्याहून जातो. माळ्यावर चढण्याचा मान माझा आणि खालून "जपून हो!" म्हणण्याचा मान सौभाग्यवतींचा. आजवर या माळ्याने पितळी डबे दिले, आजोबांची छत्री दिली, कापसाच्या हिशेबाच्या वह्या दिल्या. गेल्या खेपेस मात्र त्याने चक्क समुद्र दिला.

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत समुद्र कुठला, असे आपण विचाराल. खरेच आहे. तो इथून साडेतीनशे किलोमीटरांहून दूर. इथली मुले पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. माझे काकाही तसेच शिकले. पण १९७४ साली मुंबई हायला तेल लागले, पुढे काकांना त्या कामावर नोकरी मिळाली, आणि तिथे एका परदेशी पाणबुड्याकडून त्यांनी हौसेने बुडी मारण्याचा संच विकत घेतला. पोलादी टाकी, श्वासाचा रेग्युलेटर, मास्क, रबरी पोशाख, पायांचे पंख आणि शिशाचे ठोकळे ओवलेला पट्टा. हे सारे एका ट्रंकेत बंद होते.

या संचाची मूळ कल्पना मोठी नामी आहे. पूर्वीचा पाणबुड्या बहुधा दावणीला बांधलेला असे. वरून नळीने हवा यायची, तेवढाच त्याचा वावर. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो हा नौदल अधिकारी आणि गान्याँ हा इंजिनियर यांनी अशी झडप जुळवली, की माणूस श्वास ओढील तेव्हाच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने हवा मिळावी. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणून ही काळजी. पाणबुड्याची दावण सुटली ती अशी.

ट्रंक उघडली तेव्हा पोशाखाच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मास्कचे रबर पापडासारखे मोडले. पितळेवर हिरवा कळंक आणि सांध्यांतून पांढरे कण. काकांनी एक कण जिभेवर ठेवला.

"मीठ आहे," ते म्हणाले.

मग थांबून त्यांनी सांगितले. १९८३ साली ते शेवटची बुडी मारून वर आले, तो हातात तार पडली : 'आई अत्यवस्थ. लगेच ये.' सामान गोड्या पाण्याने न धुताच त्यांनी ट्रंकेत कोंबले आणि रात्रीची गाडी पकडली. आजी भेटली नाही. ट्रंकही पुन्हा उघडली नाही.

आमच्या चिरंजिवांनी तेवढ्यात बेत जाहीर केला : "आजोबा, हिवाळ्यात तारकर्लीला मी तुमचाच संच लावून उतरणार!" काकांचा चेहरा जो उजळला, तो पाहून मला नाही म्हणवेना.

आम्ही कामाला लागलो. सौभाग्यवतींनी चिंच आणि रांगोळी पुढे केली. पण खरखरीत भुकटीने झडपेची बैठक ओरखडते, म्हणून ती परत गेली. पितळी भाग आधी कोमट पाण्यात भिजवले, मग पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ, मग मऊ ब्रश. खोबरेलही वर्ज्य, कारण तेल रबराला मारक. गावातल्या फवारणी-पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने रेग्युलेटर उलटसुलट पाहिला.

"वायसर मी कशालाही बसवून देतो, भाऊ," तो म्हणाला. "पण पंपाचा वायसर फुटला तर शेतकरी शिव्या देतो. याचा फुटला तर शिव्या द्यायला माणूसच राहात नाही."

चिरंजीव तरी टाकी घेऊन टायरवाल्याकडे हवा भरायला निघालेच होते! काकांनी दारातच अडवले. टायरच्या यंत्राचा दाब आठ-दहा वातावरणांचा. या टाकीला दोनशेच्या आसपास लागतो. शिवाय त्या हवेत तेलाची वाफ. आणि टाकीत उरलेली जुनी हवा? तीही घातकच. लोखंड गंजते म्हणजे प्राणवायू खाते. बंद टाकी आतून गंजली, तर आतली हवा दिसायला हवा, पण श्वासाला अपुरी.

अशा टाक्यांचे नियम सांभाळणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. टाकी मान्यताप्राप्त चाचणी केंद्रात न्यावी लागते. तिथे आधी आत दिवा सोडून पाहतात, मग पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या दीडपटीच्या आसपास दाब देतात. हवेऐवजी पाणी अशासाठी, की पाणी फारसे दबत नाही. टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. आमच्या टाकीची पाळी तिथवर आलीच नाही. तपासनिसाने आत पाहिले आणि मान हलवली. मिठाने पोलादाला खड्डे पाडले होते. नियमाप्रमाणे अशी टाकी कापून निकामी करावी लागते. कुणी पुन्हा भरू नये म्हणून.

मी घुटमळलो. एवढी आठवण, घरी शोभेला ठेवली तर? काकाच म्हणाले, "कापा. माझ्या मागं कुणी पोरगं हिच्यात हवा भरील."

रेग्युलेटरचे योग्य मापाचे सुटे भाग मिळाले नाहीत. तो लखलखीत होऊन दिवाणखान्यात बसला. पाण्यात जायचा नाही. चाळीस वर्षांनंतर धडधाकट निघाले ते फक्त शिसे. शिशाचे ठोकळे नव्या पट्ट्यात ओवले. चिरंजिवांनी तारकर्लीला प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, तिथल्या तपासलेल्या संचाने बुडी मारली; कमरेला मात्र आजोबांचे शिसे होते.

परतल्यावर तो पट्टा हातात नाचवीत मासे, प्रवाळ, काय काय सांगत होता. काकांनी सगळे ऐकून घेतले. मग उठून नळाखाली बादली सरकवली.

"बाकीचं मागाहून सांग," ते म्हणाले. "आधी हे गोड्या पाण्यानं धू."